आप्पांचा खुबा आणि कुंद्या : प्रोजेक्टच्या नोंदी

२६ जून २०२५, गुरुवार

आज मॅडमशी फोनवर बोलले आणि प्रोजेक्टचा विषय बदलला. एमएस्सी झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला माझं ठरलं होतं बेळगावात खडेबाजारातल्या भटक्या कुत्र्यांवर, सकाळी दुकानं उघडायच्या आधी आणि रात्री बंद झाल्यावर ती कुठं बसतात, काय खातात, कुणाच्या मागं जातात ते मोजायचं, दोन फेऱ्या झाल्या पण होत्या. पण रविवारी आप्पा बांधावरून घसरले. रोप लावण चालू होती, बांध शेवाळलेला, डोक्यावर खोळ, दोन्ही हातात रोपाच्या जुड्या, उजव्या अंगावर आपटले ते उठलेच नाहीत. खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडलीय. काल ऑपरेशन झालं, हाडाचा गोळा काढून धातूचा बसवलाय. वय ६८. दादा दवाखान्यात, आई दवाखान्यात, वहिनीला बारकं पोर, मग शेत आणि घर बघायला मी येळ्ळूरला. बाजारातली कुत्री आता दोन महिने तरी होत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, घरात कुत्रा आहे ना, मालक आजारी पडल्यावर तो कसा वागतो ते लिही, एकाच कुत्र्यावरून निष्कर्ष काढता येत नाही पण नोंद चांगली असेल तर केस स्टडी म्हणून चालेल.

तर आमचा कुत्रा कुंद्या. गावठी, ५ वर्षांचा, रंग अगदी बेळगावच्या कुंद्याचा (खव्याची मिठाई), म्हणून नाव तेच. रेबीजची लस दरवर्षी होते. आप्पांचा कुत्रा आहे तो, आमचा म्हणायचा एवढंच, सकाळी त्यांच्याबरोबर शेतात, संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी.

गावात एव्हाना गोष्ट फिरायला लागलीय की कुंद्यानं पळत जाऊन माणसं बोलावून आणली. शेजारच्या शेतात लावणीला असलेल्या काकूंना मी नीट विचारलं. त्या आल्या त्या आप्पांची हाक ऐकून. कुंद्या आप्पांच्या तोंडाशीच होता, चाटत होता, कुंई कुंई करत होता, जागचा हलला नव्हता. कॅनडात २००६ साली असा प्रयोग झालाय, मालकानं कुत्र्यासमोर हार्ट अटॅक आल्यासारखं खाली पडायचं, दुसऱ्या प्रयोगात अंगावर कपाट पडल्याचं नाटक करायचं, जवळ एक परका माणूस बसलेला. कुत्र्यांनी त्या माणसाकडं जाऊन मदत मागितली असं काही दिसलं नाही. मला त्यात कुंद्याचा कमीपणा वाटत नाही. तो चिखलात त्यांच्या तोंडाशी बसून राहिला, हे पण लिहिण्यासारखंच आहे की.

२८ जून, शनिवार

आप्पा घरात नाहीत त्याला आज ७ दिवस. कुंद्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे आप्पा शेतातून यायच्या वेळेला, फाटकाशी जाऊन बसतो आणि साधारण पाऊण तास बसतो. पाऊस असला तरी. खाणं निम्म्यावर आलंय, सकाळची भाकरी तशीच राहतेय, रात्री दुधात कुस्करली तर खातो.

मोजायची पद्धत ठरवली. जीन आल्टमन यांचा १९७४ चा पेपर मॅडमनी वाचायला लावला होता, प्राण्यांचं वागणं बघताना नजर कुठं आणि किती वेळानं टाकायची त्यावरचा. मुद्दा साधा आहे, आपल्याला जे भारी वाटतं तेवढंच टिपलं की सगळं खोटं होतं. म्हणून घड्याळ लावून दर १० मिनिटांनी कुंद्या कुठं आहे, कुणापासून सहा फुटांच्या आत आहे, आणि काय करतोय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, दिवसाला २४ नोंदी. रकाने चार: आप्पा, आई, इतर, कोणी नाही. शेपूट, कान, जांभई, ओठ चाटणं हे शेरा म्हणून बाजूला.

२ जुलै, बुधवार

आप्पा घरी आले.

सगळे वाट बघत होतो, आप्पा तर गाडीत बसल्यापासून तेच बोलत होते म्हणे दादाशी, की आता कुंद्या अंगावर उडी मारणार, तू धर त्याला, पाय दुखायचा. मी मोबाईलवर शूटिंग लावून ठेवलं होतं. सोप्यात खाट मांडलेली. दादानं आणि शेजारच्या दोघांनी धरून आप्पांना आणलं, पुढं वॉकर, टक टक टक. कुंद्या फाटकातून धावत आला, दोन हातांवर थांबला, नाक पुढं काढून वास घेतला, कान मागं गेले, शेपूट खाली, दोनदा ओठ चाटले, एक जांभई दिली (ही झोपेची जांभई नव्हे, कुत्रं ताणात असलं की देतं ती), आणि मागं फिरून परड्यात गाड्याखाली जाऊन बसला. आप्पांनी हाक मारली, आला नाही. परत मारली, आला नाही.

"वळखलं न्हाई गे ह्येनं मला," एवढंच बोलले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. ऑपरेशनला रडले नव्हते ते.

मला फार वाईट वाटलं आणि कुंद्याचा रागही आला, तो राग इथं लिहून ठेवते कारण नोंदींमध्ये तो शिरायला नको.

३ जुलै, गुरुवार

रात्रभर विचार केला. आप्पांना कुंद्या ओळखतो कशावरून? माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या पुढं. म्हणजे त्याच्यासाठी आप्पा हा मुख्यतः वास आहे. आणि तो वास कशाचा? घामाचा, चिखलाचा, बैलाचा, गोणपाटाच्या खोळीचा, आणि सगळ्यात जास्त निपाणीच्या तंबाखूचा, गेली ४० वर्षं त्यांच्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखू आहे. डॉक्टरनी ती बंद केली. घाम नाही, चिखल नाही. त्याऐवजी स्पिरिट, बेटाडीन, वॉर्डातल्या फिनेलचा वास, नवा लेंगा, आणि आत कुठंतरी आप्पा. वर चालणं बदललेलं, आवाज खोल गेलेला, आणि बरोबर एक चार पायांची ॲल्युमिनियमची वस्तू फरशीवर आपटत येतेय. ओळख पटली नसेल असं नाही मला वाटत. ओळख पटली आणि बाकी काहीच जुळेना, तर मागं सरून लांबून बघणं हेच शहाण्या जनावरानं करायचं.

हे आप्पांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, बोलले काही नाहीत.

५ जुलै, शनिवार

तीन दिवसांच्या ७२ नोंदी बेरीज केल्या. आप्पा ९. इतर ८. कोणी नाही २४. आई ३१.

दोनदा मोजलं. कुंद्या आईच्या मागं कधीच नसायचा, ती त्याला चुलीपासून हाकलते, तिला पायात येणारं कुत्रं चालत नाही. आणि आता परड्यात भांडी घासताना शेजारी, न्हाणीच्या दाराशी, रात्री मागच्या दाराला ती पडते तिथं उंबऱ्याबाहेर.

मॅडमना पाठवलं. त्यांचा पहिला प्रश्न, खायला कोण घालतं? बरोबर आहे, आप्पा नसल्यापासून आईच घालत होती. उद्यापासून भाकरी मी घालणार, पुढच्या अंगणात, चुलीपासून लांब. आणि आई स्वयंपाकघरात असतानाच्या नोंदींवर फुली मारून ठेवणार.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपास. सकाळी आप्पांना कमोड खुर्चीवर बसवायचं आई एकटीच करते, मुलीला करू द्यायला आप्पा तयार नाहीत, दादा लावणीला गेलेला. ८ दिवस ती धड झोपली नाही. दुपारी परड्यात दगडावर बसून ती रडत होती, आवाज न करता, पदर तोंडात धरून. मी खिडकीतून बघितलं. कुंद्या गाड्याखालून उठला, हळू गेला, तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि तसाच उभा राहिला. आईनं हाकललं नाही. ५-६ मिनिटं तरी. जवळ खायचं काही नव्हतं, उपासाचा दिवस.

लंडनला २०१२ साली १८ पाळीव कुत्र्यांवर असं करून बघितलं होतं, मालक आणि एक परकी बाई आलटून पालटून बोलणार, गुणगुणणार, खोटं खोटं रडणार. बहुतेक कुत्री रडणाऱ्या माणसाकडं गेली, ते परकं असलं तरी, आणि बरीचशी मान खाली घालून, दबकत. मी हे वाचलं तेव्हा वाटलं होतं त्यात काय एवढं. परड्यात बघितल्यावर तसं नाही वाटलं. अमेरिकेतला २०१८ चा एक आहे, ३४ कुत्री, आरपार दिसणाऱ्या दारापलीकडं मालक, रडायचा आवाज आला की दार ढकलणारी कुत्री गुणगुणण्यापेक्षा खूप लवकर ढकलत होती. त्यातली जी कुत्री जागीच राहिली, दार उघडलंच नाही, त्यांच्यात उलट जास्त ताण दिसला. म्हणजे नुसतं वाईट वाटून उपयोग नाही, ताण सोसेल एवढाच पाहिजे तर ते पुढं येतं. हे वाचून मला २ तारखेचा कुंद्या आठवला.

८ जुलै, मंगळवार

आप्पांसाठी काहीतरी करायला पाहिजे म्हणून दोन गोष्टी सुरू केल्या. एक, आप्पांची शेतातली न धुतलेली खोळ आणि जुनं घोंगडं खाटेच्या पायथ्याला टाकलं, आई म्हणाली घाण कशाला आणूलालीस दवाखान्यातनं आलेल्या माणसाजवळ, मग घोंगडं जखमेच्या बाजूला नको, पायाच्या बाजूला, आणि जमिनीवर, असं ठरलं. दोन, आप्पा झोपले की वॉकर अंगणात नुसता उभा करून ठेवायचा आणि त्याच्या पायाशी भाकरी. पहिल्या दिवशी कुंद्या लांबून गोल फिरला, मान ताणून तुकडा ओढला आणि पळाला. आज तिसऱ्या वेळेला तिथंच उभा राहून खाल्लं. वॉकरच्या रबरी टोप्यांतली एक फाटली होती, धातू फरशीवर घासून किर्र आवाज यायचा, आपल्याला किरकोळ पण माणसाच्या दुप्पट वरच्या पट्टीचं ऐकणाऱ्या जनावराला काय होत असेल. शहापूरच्या दुकानातून नवीन आणल्या.

संध्याकाळी ६.४० ची नोंद: घोंगड्यावर, आडवा, डोळे मिटलेले. आप्पा जागे होते. हात खाली सोडून बसले होते, लागत नव्हता त्याला, फक्त सोडलेला.

११ जुलै, शुक्रवार

आज जीव घाबरा झाला. दुखण्याच्या गोळ्यांची स्ट्रिप कुंद्यानं खाटेखालून ओढून परड्यात नेली होती, दातांनी फाडलेली. पॅरासिटामोल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला विष आहेत, एकानं लिव्हर आणि रक्त बिघडतं, दुसऱ्यानं पोटात जखमा आणि किडनी. जनावरांच्या सरकारी डॉक्टरना फोन लावला, ते म्हणाले आधी गोळ्या मोजा. १० च्या स्ट्रिपमधल्या ३ आप्पांनी घेतलेल्या, ७ पाहिजेत, ७ सापडल्या, दोन मातीत. तरी रात्रीपर्यंत लक्ष ठेवलं, हिरड्यांचा रंग बघत होते, गुलाबीच होता. आता गोळ्यांचा डबा कपाटात वर.

त्यात आणि एक, ऑपरेशनच्या जखमेच्या पिना बुधवारी काढल्या आणि मावशी बघायला आली ती म्हणाली, कुत्र्यानं चाटलं की जखम भरते, चाटू दे की. नाही. कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफागा, पाश्चरेला असले जंतू असतात, त्याला काही होत नाही पण म्हाताऱ्या माणसाच्या ताज्या जखमेत गेले आणि आत धातूचा गोळा असेल तर दुसरं ऑपरेशन करावं लागायची पाळी. डिस्चार्जच्या कागदावर पथ्य, फिजिओ, पुढची तारीख सगळं होतं, घरात जनावर आहे का हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडं ज्या घरात म्हातारं माणूस असतं त्या घरात कुत्रं, म्हैस, कोंबड्या असतातच ना. मला वाटतं एक ओळ पाहिजे त्या कागदावर.

१४ जुलै, सोमवार

१० ते १२ जुलैच्या ७२ नोंदी: आप्पा २७, आई २४, इतर ६, कोणी नाही १५. आप्पांचा रकाना तिप्पट झाला, त्यांना दाखवलं, चष्मा लावून बघितलं आणि वही परत देताना म्हणाले, "बरोब्बर लिहिलीस न्हवं?"

आईचा मात्र खाली यायला पाहिजे तेवढा येईना. भाकरी मी घालते, स्वयंपाकघरातल्या नोंदी वजा करून बघितल्या, तरी.

फिजिओ सर आले होते. पाय बाजूला न्यायला लावला तेव्हा आप्पा ओरडले आणि कुंद्या उठून सरांकडं बघून गुरगुरला, दात दाखवले नाहीत. सर घाबरले, बांधा म्हणाले. बांधला तर जास्त भुंकायला लागला. मग ठरवलं की सर आले की आधी खाटेशेजारी बसून चहा घेणार, आप्पांशी दोन गोष्टी बोलणार, कुंद्या हात हुंगणार, मग व्यायाम. आणि आप्पांनी ओरडायच्या ऐवजी आकडे मोजायचे, मोठ्यानं. आप्पा एक ते दहा कानडीत मोजतात, का कुणास ठाऊक, बाजारात माल मोजायची सवय असेल. ओंदु, एरडु, मूरु. त्या आवाजाला कुंद्या उठत नाही.

१७ जुलै, गुरुवार

हे नीट लिहायला पाहिजे.

आईचा रकाना खाली येत नव्हता म्हणून मी कुंद्याच्या ऐवजी आईकडं बघायला लागले. ती दिवसातून किती वेळा बसते तर बसतच नाही. भिंतीला धरून उठते. दोनदा डोकं दुखतंय म्हणाली आणि लगेच काही नाही म्हणाली. आज जबरदस्तीनं प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, बीपी १७२/१०४, थोडा वेळ बसवून परत बघितलं तर १६८/१००. गोळी सुरू. सगळ्या घराचं लक्ष आप्पांच्या पायावर आणि हिचं असं.

कुंद्यानं बीपी ओळखलं असं मी म्हणणार नाही आणि रिपोर्टमध्ये तर अजिबात लिहिणार नाही. पण ताणाचा वास कुत्र्याला येतो हे मोजलेलं आहे. बेलफास्टला २०२२ साली ३६ माणसांचा घाम आणि श्वास घेतला, एकदा निवांत असताना आणि एकदा अवघड गणितं तोंडी करायला लावून बीपी आणि ठोके वाढल्यावर, आणि शिकवलेल्या ४ कुत्र्यांनी दुसरा नमुना ९३.७५ टक्के वेळा बरोबर काढला. स्वीडनमध्ये २०१९ ला ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी, दोघांच्या केसातलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) बघितलं तर एकीचं वाढलं की दुसऱ्याचंही वाढलेलं. म्हणजे कुंद्या आईजवळ का बसत होता याला कारण असू शकतं, जवळ बसून त्याला काय मिळत होतं हे मात्र मला त्याच्या नोंदींवरून सांगता येणार नाही.

घरात मिटिंग झाली. रात्रीची पाळी दादाची. सकाळचं संडास-अंघोळ मी आणि दादा, आप्पांना लाज वाटली तरी. आई दुपारी दोन तास पडणार, वहिनी दार लावून घेणार. आप्पा आईला म्हणाले, "माझ्या पायानं तुझं डोकं दुखूलालंय हे मला कुत्र्याकडनं कळायचं व्हय?" आणि मग दोघं बराच वेळ गप्प बसले होते. मी बाहेर गेले.

२७ जुलै, रविवार

२४ ते २६ च्या नोंदी: आप्पा ३८, आई १७, इतर ५, कोणी नाही १२. आईची बीपी काल १४६/९०.

नवीन अडचण, कुंद्या आता वॉकरला चिकटून चालतो, आप्पांच्या डाव्या पायाच्या आणि वॉकरच्या मध्ये. परवा आप्पांचा तोल गेला होता, खांब होता म्हणून वाचले. अमेरिकेत २००९ ला सरकारी आकडा आला होता, कुत्र्या-मांजरांमुळं पडून दवाखान्यात जाणारी माणसं वर्षाला सरासरी ८६ हजारांच्या वर. नवीन खुबा घेऊन आप्पांना त्यात जायचं नाही. बेंदराला बैलाच्या गळ्यात घातलेल्या घुंगरांतली दोन काढून कुंद्याच्या पट्ट्याला बांधली, आप्पांना तो कुठं आहे ते न वाकता कळतं, नाहीतरी ९० अंशाच्या पुढं कमरेत वाकायचं नाहीच आहे. आणि चालायला सुरुवात करताना आप्पा "बाजू" म्हणतात, उजव्या हाताला भाकरीचा तुकडा दाखवतात. तीन दिवसांत बाजू म्हणजे बाजू हे कळलं त्याला.

१० ऑगस्ट, रविवार

मधे नोंदी विरळ झाल्या, कॉलेज सुरू झालंय, रोज बसनं बेळगाव. शनिवार-रविवारच धरते. कुंद्याचं वजन जनावरांच्या दवाखान्यात केलं, १७ किलो. मे महिन्यात लस दिली तेव्हा साडेअठरा होतं. म्हणजे मालकाच्या दुखण्यात दीड किलो त्याचंही गेलं, आणि ते कुणी बघितलं नव्हतं, मी पण नाही, मी तर वही घेऊन रोज त्याच्यासमोर बसत होते. खाणं वाढवलंय, रोज एक अंडं.

वॉकर गेला, काठी आली. काठीला कुंद्यानं काही त्रास दिला नाही, वास घेतला आणि सोडून दिलं.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर. पाऊस उघडला होता म्हणून आप्पा पहिल्यांदा फाटकाबाहेर, काठी घेऊन, मागं दादा. शेतापर्यंत नाही, कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत, तिथून आमचा बांध दिसतो. कुंद्या आधी नेहमी पन्नास पावलं पुढं पळायचा आणि बांधावर थांबून वाट बघायचा. आज दहा पावलं गेला, थांबला, मागं बघितलं, आप्पा आले की परत दहा. चिंचेखाली दोघं उभे होते, भात गुडघ्याच्या वर आलंय, आप्पा काहीतरी बोलत होते, लांबून ऐकू आलं नाही, घुंगरं तेवढी ऐकू येत होती.

आई कट्ट्यावर लसूण सोलत बसली होती. परत येताना कुंद्या तिच्या समोरून सरळ आप्पांच्या मागं आत गेला.

"बघ, आता माझ्याकडं ढुंकून बघत न्हाई," आई म्हणाली.

संध्याकाळच्या १२ नोंदी: आप्पा १०, कोणी नाही २, इतर ०, आई ०.